उरलेले चाळीस

दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाशेजारी क्षयरोगाची गोष्ट मांडावी हे थोडे अप्रशस्तच. पण नाटक बर्नार्ड शॉचे आहे, म्हणजे हसायला भरपूर मिळेल, एवढे आश्वासन देऊन ठेवतो. शॉ आपल्याला परका नाही. त्याच्या ‘पिग्मॅलियन’ची पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ केली, आणि तो आपल्या घरात येऊन बसला. मी मात्र त्याच्या एका दुसऱ्याच नाटकाविषयी बोलणार आहे: ‘द डॉक्टर्स डायलेमा’, म्हणजे ‘डॉक्टरचा पेच’. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. त्यामुळे शॉची नाटके मी मांडीवर कोश घेऊन वाचतो. हे तर मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात माझे पहिले मत पार उलटले. ते कसे उलटले हेच सांगायचे आहे.

नाटक १९०६ सालचे, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात प्रथम झालेले. त्यातल्या डॉक्टर रिजनला त्याच दिवशी ‘सर’ ही पदवी मिळालेली आहे. त्याने क्षयावर लस टोचण्याचा नवा उपाय काढला आहे. पण ती नेमक्या वेळी टोचली तर माणूस वाचतो, चुकीच्या वेळी टोचली तर दगावतो. (सेंट मेरीज हॉस्पिटलातल्या आल्मरॉथ राइट या खऱ्या संशोधकावरून शॉने हे पात्र बेतले.) रिजनपाशी जागा दहाच. त्या भरलेल्या आहेत. फार ओढूनताणून आणखी एक होईल. अशा वेळी एक सुंदर तरुणी येते आणि आपल्या नवऱ्याला वाचवा म्हणून पदर पसरते. नवरा लुई ड्यूबेडा, असामान्य चित्रकार. रिजन सर्वांना जेवायला बोलावतो. लुई तेवढ्यात पाहुण्या डॉक्टरांकडून उसने पैसे उकळतो, आणि हॉटेलातली मोलकरीण पुढे येऊन सांगते की याची बायको मी आहे! त्याच पंगतीत ब्लेंकिन्सॉप नावाचा एक गरीब, सज्जन डॉक्टर आहे. त्यालाही क्षय झाला आहे. जागा एक, माणसे दोन. एक हलकट पण प्रतिभावंत, दुसरा सामान्य पण निर्मळ.

रिजन ब्लेंकिन्सॉपला घेतो. लुईला तो सर राल्फ नावाच्या एका बड्या, गोडबोल्या डॉक्टरच्या हवाली करतो. या सर राल्फला लस टोचण्याची वेळ काही कळत नाही, आणि हे रिजनला पक्के ठाऊक असते. लुई मरतो. रिजनचे मन त्या तरुणीवर जडलेले आहे, हे आपल्याला आधीच कळलेले असते. शेवटच्या अंकात चित्रांच्या प्रदर्शनात तो तिच्यापाशी सारे कबूल करतो, तेव्हा उत्तर मिळते की तिने दुसरे लग्न केलेसुद्धा. खून फुकट गेला!

पहिल्या वाचनात मी खूश झालो होतो. विनोद इतका चपळ की कोशही अडथळा वाटेना. प्रत्येक रोगाला शस्त्रक्रिया हेच उत्तर देणारा एक सर्जन त्यात आहे. त्याच्यावर मी वर्गात मुलांना हसवलेही. आणि कलावंत मोठा की सज्जन मोठा, या प्रश्नावर आमच्या शिक्षक-खोलीत एक दुपार वाद घातला. मी अर्थातच कलावंताच्या बाजूने. कादंबऱ्या लिहिणारा माणूस दुसरे काय बोलणार?

दुसरे वाचन २०२१च्या पावसाळ्यात झाले. त्या एप्रिलात आईला करोना झाला. तिचे वय एकाहत्तर. आमच्या गावच्या इस्पितळात ऑक्सिजनची एक खाट मोकळी झाली होती आणि व्हरांड्यात माणसे दाटली होती. ड्यूटीवरचा डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. मी तोंड उघडले आणि आईचे गुणगान करू लागलो: तिने किती जणांना शिकवले, किती जणांना जेवू घातले. आईला श्वास पुरत नाही हे सांगायचे सोडून ती किती चांगली आहे हे मी सांगत होतो! आमच्या पलीकडे बाकावर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. पायात रबरी चपला, बरोबर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याच्याविषयी कोणी काही सांगत नव्हते. खाट आईला मिळाली. तिची पातळी खरोखरच अधिक खालावली होती, की मागणारा ‘सर’ होता, हे मला ठाऊक नाही. त्या माणसाचे नाव मी विचारले नाही.

मग पुन्हा नाटक उघडले, तेव्हा पहिल्या वेळी नजरेतून निसटलेले एक वाक्य समोर आले. रिजन सांगतो की दहा जण त्याने पन्नासांतून निवडले. उरलेल्या चाळीस जणांना मरणाची शिक्षा सुनावावी लागली. बस्स, एवढेच. दोन-चार वाक्यांत चाळीस माणसे आली आणि गेली. त्यांना नाव नाही, कोणी जेवायला बोलावलेले नाही. त्यातले कोणी चित्रे काढत होते का, हे रिजन विचारत नाही आणि शॉही विचारत नाही.

नाटकाविरुद्ध माझी तक्रार हीच आहे. शॉने पेच फार देखणा केला. प्रतिभा एका पारड्यात, सद्गुण दुसऱ्या पारड्यात, आणि तराजू धरणाऱ्याचा जीव एका स्त्रीत अडकलेला. डॉक्टरच्या तराजूला त्याचे स्वतःचे बोट लागलेले असते, हे त्याने कठोरपणे दाखवले. त्याबद्दल त्याला दाद द्यायलाच हवी. पण व्हरांड्यातला पेच असा नसतो. तिथे प्रतिभावंत नसतात, पंचाहत्तरीचे आजोबा आणि पस्तिशीचा रिक्षावाला असतात. आणि खरा प्रश्न ‘कोणाला’ हा नसून ‘खाट एकच का’ हा असतो. गंमत म्हणजे तो प्रश्न शॉने विचारला आहे, पण नाटकात नव्हे. १९११ साली जोडलेल्या लांबलचक प्रस्तावनेत. ज्याला पाय कापण्याचे पैसे मिळतात त्यालाच पाय कापावा की नाही हे ठरवू देणे वेडेपणाचे आहे, असे तो तिथे बजावतो आणि आरोग्य सार्वजनिक करा म्हणतो. प्रस्तावनेतला शॉ शहाणा, नाटकातला रंजक. दोघांची गाठ पडली असती तर!

रिजनचा तराजू पुढे खरोखरच मांडला गेला. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे मूत्रपिंडे निकामी झालेल्यांसाठी यंत्रे थोडी होती, म्हणून सात जणांची एक समिती नेमली: वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. रोग्याचे शिक्षण, मिळकत, मुलेबाळे पाहून जगवायचे कोणाला ते ही मंडळी ठरवत. ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९६२ साली ते छापले तेव्हा लोक हादरले. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसीन अपुरे होते तेव्हा, १९४७ साली, क्षयाच्या १०७ रोग्यांत ते बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी वाटले गेले; ५५ जणांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्यांतले चार गेले, दुसऱ्यांतले चौदा. निर्दय वाटते. पण पाकीट कोणाच्या बायकोवर भाळत नाही, आणि त्याला जुने मास्तर नसतात.

यातून सुटण्याची वाट दोनदा तरी सापडली. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून त्या यंत्रांचा खर्च सरकारी खजिन्यातून द्यायचे ठरवले आणि तसल्या समितीचे कामच उरले नाही. आणि आपल्याकडे मद्रासला, १९५६ पासून झालेल्या प्रयोगात दिसले की दाटीच्या गरीब घरात राहून नियमित औषधे घेणारा क्षयरोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. खाटेसाठीची झुंजच त्यामुळे मोठ्या प्रमाणात संपली. यावर नाटक कोण लिहिणार? यात खलनायक नाही, मरणाचा देखावा नाही. शॉला मरणाचा प्रसंग रंगवता येत नाही, असे विल्यम आर्चर या टीकाकाराने हिणवले होते. हे नाटक त्या आव्हानातूनच जन्मले म्हणतात. लुईचा मृत्यू अप्रतिम उतरला आहे, यात वादच नाही. मी लिहिले असते तर मीही लुईलाच मारले असते. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत गर्दी आहे. त्या गर्दीतल्या कोणालाही मी आडनाव दिलेले नाही.

मागच्या पाडव्याला तो डॉक्टर घरी आला होता. नमस्कार झाला, मी त्याला नाटकाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, त्या रात्री मला कोण मोठा, कोण लहान, हे सुचायला वेळच नव्हता. सिलिंडरची गाडी किती वाजता येते एवढेच डोक्यात होते.”

“आली होती का?”

“पहाटे चारला.”

बाकावरच्या माणसाचे विचारावे म्हणून मी जीभ सरसावली. तेवढ्यात आई आतून करंज्यांची ताटली घेऊन आली, आणि तो उठून उभा राहिला.