सही कोणाची, मोजणी कोणाची?

नव्या घराला वीजजोडणी मिळण्यापूर्वी 'टेस्ट रिपोर्ट' द्यावा लागतो. घरातील वायरिंग आणि अर्थिंग तपासले असून ते सुरक्षित आहे, असे परवानाधारक वीज कंत्राटदार त्यात सहीशिक्क्यानिशी सांगतो. कागद तपासणीनंतरच भरला गेला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घर न पाहताच भरलेले अहवाल आमच्या पाहण्यात आहेत. घर बांधलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

नियम ढिला आहे असे नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने तीन माणसे नेमून दिली: परवानाधारक कंत्राटदार, सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परवानाप्राप्त तारतंत्री. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांनीही हीच चौकट ठेवली. दिवा, पंखा, बटण बदलण्यास सूट आहे, पण मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे जुन्या घरात गीझरसाठी नवी लाइन ओढणे हे परवानाधारकाचेच काम. बहुधा येतो तो कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा. त्याचा हात चांगला असतो, पण अहवाल त्याच्याकडे कोणी मागत नाही.

आमचा आक्षेप बिनपरवाना कारागिरापुरता नाही. नियम माणसाची पात्रता विचारतो, मोजणीचा पुरावा आग्रहाने मागत नाही, हे खरे दुखणे आहे. पदवी असलेल्याने मेगर कधी हातात धरलेला नसेल. वीस वर्षे काम केलेल्या तारतंत्र्याला अर्थिंग लागते हे माहीत असेल, किती लागते हे नसेल.

दुसऱ्या मुद्द्याचा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. गीझरमधली तार धातूच्या आवरणाला टेकली, आणि घराच्या अर्थिंगमधून रोहित्राकडे परतणाऱ्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे असे समजू. ओहमच्या नियमाने प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. २० अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून सावकाश पडेल. तेवढ्या वेळात, ५ पैकी ४ ओहम घराच्या अर्थिंगचे असतील, तर गीझरच्या अंगावर १८४ व्होल्ट असतील! अर्थिंग 'आहे', एमसीबी 'आहे', अहवालावर सही आहे, आणि ओल्या हाताचा माणूस तरीही धोक्यात आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र अशी गळती ओळखून सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यावरचे 'टेस्ट' बटण दाबून समाधान मानणारेही भेटतात. ते बटण फक्त उपकरण तपासते. अर्थिंग मुळीच नसले तरी ते पडते.

विद्युतरोधाचेही तसेच. २०१० च्या विनियमांत ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट देऊन किमान १ मेगओहम रोध मिळावा असे म्हटले आहे. काही व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मल्टिमीटरला आवरणाचा कमकुवतपणा बहुधा दिसतच नाही, म्हणून मेगर हवा, आणि चाचणीपूर्वी दिवे व उपकरणे सोडवलेली हवीत. भिंत ओली असताना आकडा खाली येतो. सर्व खोल्यांपुढे एकच गोल आकडा लिहिलेला असेल, तर तो मोजलेला आहे की आठवलेला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

इंग्लंड व वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून घरगुती वीजकाम इमारत नियमांच्या कक्षेत आले. तेथील नव्या मांडणीच्या प्रमाणपत्रावर आराखडा, काम आणि तपासणी यांच्या जबाबदारीच्या सह्या वेगळ्या असतात. सोबत प्रत्येक मंडलाच्या मोजमापांचा तक्ता जोडावा लागतो. तिथेही एकाच पात्र पर्यवेक्षकाच्या नावावर अनेकांची कामे जातात, तेव्हा ती व्यवस्था निर्दोष नाही. पण रिकामा तक्ता निदान डोळ्यांना दिसतो.

आपल्या शाळेच्या इमारतीचा शेवटचा अहवाल शिक्षकांनी कार्यालयातून मागून पाहावा. बोर्ड उघडू नये, विद्यार्थ्यांनाही उघडू देऊ नये, कागद पुरे. त्यावर तारीख कोणती आहे, अर्थिंगचा रोध किती ओहम लिहिला आहे आणि संगणक कक्ष त्या तारखेनंतर झाला की आधी, एवढे तीन प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना सहज विचारता येतील.