पत्रीची जुडी आणि ‘शास्त्रीय कारण’

भाद्रपद चतुर्थीच्या आधी बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या स्टेशनांबाहेर पत्रीच्या जुड्या विकायला येतात. त्याच सुमारास दुसरेही एक पीक येते : गणपतीच्या एकवीस पत्री औषधी कशा आहेत, हे सांगणाऱ्या लेखांचे. पूर्वजांनी वनस्पतींची ओळख टिकावी म्हणून त्यांना पूजेत बसवले, असा या लेखांचा सूर असतो. हा खुलासा परंपरेविषयी आदर दाखवणारा वाटतो. प्रत्यक्षात तो विधीलाही न्याय देत नाही आणि वैद्यकालाही.

आधी यादीच तपासू. माका, तुळस, आघाडा, डाळिंब, अर्जुन यांचे औषधी उपयोग सांगता येतात. पण धोत्रा, कण्हेर आणि रुई यांचे काय? तिन्ही विषारी, कण्हेर तर हृदयाची लय बिघडवते. देवदार हा हिमालयातला वृक्ष. उपनगरातल्या जुडीत त्याच्या जागी दुसराच पाला असतो किंवा काहीच नसते, आणि पूजा अडत नाही. वैद्य बदली द्रव्य घेतो ते गुण पाहून. इथे पाला चालतो तो नावावर. तुळस गणपतीला वर्षभर वर्ज्य आणि या एका दिवशी चालते. औषधी गुण तिथी पाहून बदलत नाहीत. म्हणजे या यादीचे व्याकरण वेगळे आहे.

ते व्याकरण तेरड्यात स्पष्ट दिसते. कोकणातून उपनगरांत आलेल्या अनेक घरांत गौर म्हणजे मुळासकट आणलेली तेरड्याची रोपे. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठेवर जेवते, मुळावर जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण चंचलपणासाठी वापरतो. पण माहेरवाशिणीचा मुक्कामही तेवढाच असतो. इथे वनस्पती कोणाचा आजार बरा करत नाही. येणे, फुलणे आणि जाणे ती बोलून दाखवते.

दसऱ्याच्या आपट्याचेही तेच. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी रघूकडे येतो, ही कथा कालिदासाच्या ‘रघुवंशा’त पाचव्या सर्गात आहे. दक्षिणा चौदा कोटींची. रघू कुबेरावर स्वारीचा बेत करतो आणि रात्रीत सोन्याचा वर्षाव होतो. पण तो राजाच्या कोषागारात. आपट्याचे झाड तिथे नाही. ते लोककथेने लावले, आणि कोषागारातले सोने रस्त्यावर आणले. पान सोने नाही, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. म्हणूनच ते कोणालाही देता येते. बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाची पाने खपतात, तीही याच बळावर.

आता पूजेकडून जादूकडे येऊ. शनिवारी दुकानांच्या दारात आणि रिक्षांना लिंबू-मिरची टांगतात. कधी त्यात बिब्बाही असतो. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडते, ती उंबऱ्याबाहेरच खाऊन परत फिरते, अशी समजूत. बिब्ब्याचे तेल अंगावर उठते, तेव्हा वाईट नजरेला तोच तोडीस तोड. या रचनेला स्वतःचा तर्क आहे. उलट ‘लिंबातले क जीवनसत्त्व हवेत पसरते’ या शास्त्रीय कारणाला काहीच आधार नाही. ते उडून जाणारे द्रव्यच नव्हे.

जेम्स फ्रेझरने 1890 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात जादूची दोन सूत्रे मांडली : सारख्याने सारखे घडते, आणि एकदा स्पर्श झालेले जोडलेले राहते. आपटा आणि बिब्बा पहिल्या सूत्रात चपखल बसतात. पण फ्रेझरला जादू म्हणजे चुकलेले विज्ञान वाटले. आपल्या लेखकांना ती लपलेले विज्ञान वाटते. दोघांची फूटपट्टी एकच. विट्गेन्श्टाइनने फ्रेझरवर आक्षेप घेतला, की प्रिय माणसाच्या छायाचित्राचे चुंबन घेणारा त्यातून काही परिणाम घडवू पाहत नसतो. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा. लिंबू टांगणारा दुकानदार थोडी का होईना, परिणामाची आशा धरतो. म्हणूनच रेषा कुठे ओढायची, हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ती नेमकी ओढली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. कायद्याचा रोख पाल्यावर नाही. पाला उपचाराच्या जागी बसवण्यावर आहे. औषधी खुलासा हीच सीमा पुसतो. देव्हाऱ्यातल्या पानाला परंपरेच्या जोरावर औषधाचे प्रमाणपत्र दिले, की दंडाला बांधलेल्या मुळीला ते कोणत्या तोंडाने नाकारणार? आरेतल्या पाड्यांत आणि मुलुंडच्या डोंगरालगतच्या वस्त्यांत पावसाळ्यात साप निघतात; तिथे हा प्रश्न चर्चेपुरता राहत नाही. वनस्पतीचा औषधी गुण प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात सिद्ध व्हावा. पत्री वाहायची तर ती पत्री म्हणूनच वाहावी. तिला त्याहून मोठा दाखला लागत नाही.