फ्यूजन, अनुवाद आणि निर्वासन : २०२३ मधील दोन ध्वनिमुद्रिका

'फ्यूजन' ही संज्ञा जॅझच्या समीक्षेत रुळली ती १९७० च्या आसपास. माइल्स डेव्हिस यांच्या १९७० मधील 'बिचेस ब्रू' या ध्वनिमुद्रिकेत जॅझची उपज आणि रॉकमधील विद्युत्-वाद्ये एकत्र आली. पुढे ही संज्ञा इतकी सैल झाली की दोन परंपरांतील कलावंत एका मंचावर आले की फ्यूजन झाले, असे समीकरणच रूढ झाले. वस्तुतः फ्यूजन म्हणजे विलय, आणि विलयात घटकांची ओळख पुसली जाते. ज्या रचनांना हे नाव दिले जाते त्यांतील पुष्कळांचा आस्वाद मात्र घटक ओळखू येण्यावरच अवलंबून असतो. तौलनिक साहित्याभ्यासाला ही अडचण परिचित आहे. दोन भाषांमधील संबंध 'मिश्रण' या एकाच शब्दाने सांगता येत नाही. तो कधी अनुवादाचा असतो, कधी स्थलांतरिताच्या लेखनाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन ध्वनिमुद्रिका, 'शक्ती' या समूहाची 'धिस मोमेंट' आणि अरूज आफताब, विजय अय्यर व शहझाद इस्माइली यांची 'लव्ह इन एक्झाइल', एकमेकींशेजारी ठेवून ऐकल्या की हा भेद स्पष्ट होतो.

'शक्ती'चा आरंभ १९७० च्या दशकाच्या मध्याचा. 'बिचेस ब्रू'मध्ये विद्युत्-गिटार वाजवणारे जॉन मॅकलॉफ्लिन येथे साध्या गिटारकडे वळले. त्या गिटारचे पडद्यांमधील लाकूड मुद्दाम कोरून घेतले होते, त्यामुळे तार ओढून गमकाच्या जवळ जाता येई. अनुवादासाठी वाद्याचीच वाक्यरचना बदलावी, असा हा प्रकार होता. 'धिस मोमेंट' ही १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतरची या समूहाची पहिली स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका. मूळ संचापैकी मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन हे दोघेच येथे आहेत. विक्कू विनायकराम यांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वगणेश आहेत, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, तर गायनासाठी शंकर महादेवन. मॅकलॉफ्लिन यांच्या हाती पुन्हा विद्युत्-गिटार आहे.

या ध्वनिमुद्रिकेत दोन्ही भाषा स्पष्ट उच्चारांसह बोलल्या जातात. कोन्नकोलचे बोल, तबल्याची तिहाई, एकत्र वाजवलेल्या द्रुत स्वरपंक्ती, आळीपाळीने येणारे एकल वादन, यांपैकी काय कोठून आले हे जाणकाराला लगेच कळते. त्यांना बांधणारा दुवा मात्र लयीच्या गणिताचा आहे. संख्या सर्वांत सुलभपणे अनुवादित होते. सात मात्रा चेन्नईतही सातच असतात आणि न्यूयॉर्कमध्येही. स्वराचे तसे नाही. एका रचनेचे शीर्षक 'मोहनम' आहे. या रागाचे आरोही-अवरोही पाच स्वर भूपाचेच, पण त्यांचे उच्चारण वेगळे, म्हणून राग वेगळा. या वेगळेपणाला संख्येत पर्याय नाही. कॉर्डच्या क्रमातून ताण निर्माण करणारी जॅझची हार्मनीही या व्यवहारात मागे सरते. जे अनुवादसुलभ ते ठळक होते आणि जे अनुवादाला प्रतिकार करते ते पार्श्वभूमीला जाते, ही या श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकेची मर्यादाही आहे. प्रत्येक ताण अखेरीस समेवर सुटतो, मतभेद उरत नाही.

'लव्ह इन एक्झाइल'मध्ये याच्या नेमके उलट घडते. येथे तबला वा ड्रम नाही, मोजण्याजोगी लय क्वचितच हाती लागते. अय्यर यांचा पियानो आणि इलेक्ट्रॉनिक नाद, इस्माइली यांचे बास व सिंथेसायझर आणि आफताब यांचे उर्दू गायन यांची मंद गतीने वीण होत जाते. अय्यर यांचा जन्म अमेरिकेतील तमिळ कुटुंबातला, आफताब लाहोरमध्ये वाढलेल्या आणि इस्माइली अमेरिकेत वाढलेले पाकिस्तानी वंशाचे. तिघांपैकी कोणीही एका परंपरेचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून बोलत नाही. एक भाषा दुसरीत नेण्याचा प्रश्नच येथे संपतो, कारण मूळ संहिता कोणाकडेच नाही. 'टू रिमेन / टू रिटर्न' हे शीर्षकच राहणे आणि परतणे यांतील अनिर्णय सांगते. जॅझचे काय उरते? स्विंग उरत नाही. परस्परांना ऐकत रचना घडवण्याची रीत उरते.

परंतु येथेही किंमत मोजावी लागतेच. उर्दू शब्द थोडे आहेत, लांबवलेले आहेत, दीर्घ विरामांनी विलग झालेले आहेत. उर्दू जाणणाऱ्याला 'हसीन थी'मधील भूतकाळी क्रियापदाचा सल जाणवतो. न जाणणाऱ्याला केवळ सुंदर वातावरण मिळते. अनुवाद नाकारल्याने भाषेची प्रतिष्ठा राखली जाते, तसेच तिचे सुगंधी द्रव्यात रूपांतर होण्याचा धोकाही वाढतो. काही ठिकाणी संथपणाच रचनेचा एकमेव युक्तिवाद होऊन बसतो. अननुवादितता हे मूल्य आहे की बाजारातील आकर्षण, हा एमिली ॲप्टर यांच्या विश्वसाहित्यविषयक विवेचनानंतर अधिक तीव्र झालेला प्रश्न येथे कानांनी ऐकू येतो.

पुरस्कारांची वर्गवारी या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. २०२० मध्ये ग्रॅमीने 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव टाकून 'ग्लोबल म्युझिक' स्वीकारले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच विभागात 'धिस मोमेंट'ला सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'लव्ह इन एक्झाइल'ला पर्यायी जॅझच्या नव्या विभागात नामांकन होते आणि तिच्यातीलच 'शॅडो फोर्सेस' या रचनेला ग्लोबल सादरीकरणाच्या विभागात. एकच निर्मिती अखंड असता जॅझ ठरते आणि तिचा अंश 'ग्लोबल' ठरतो. मराठी अभ्यासकाला अरुण कोलटकरांचे उदाहरण आठवेल : इंग्रजी 'जेजुरी'ला १९७७ चा राष्ट्रकुल काव्यपुरस्कार, मराठी 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार. कवी एक, फडताळे दोन, आणि दोहोंमधील ये-जा ज्यात घडली ती जागा कोणत्याच फडताळात नाही.

फ्यूजनच्या समीक्षेला हीच जागा शोधावी लागेल. कोणत्या दोन परंपरा एकत्र आल्या, ही यादी पुरेशी नाही. त्या भेटीत कोणी आपले काय सोडले आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला त्याची उणीव जाणवली, हे विचारले पाहिजे. 'शक्ती'मध्ये गिटारने आपली हार्मनी बाजूला ठेवली, तर 'लव्ह इन एक्झाइल'मध्ये शब्दाने आपला अर्थ. झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले आणि अर्धशतकभर चाललेल्या एका अनुवादातील एक प्रमुख आवाज थांबला. त्याचे मूल्यमापन गौरवाच्या भाषेत होणे स्वाभाविक आहे, पण ते अनुवादाच्या भाषेत होणे अधिक न्यायाचे ठरेल.