तीन प्रश्न आणि राहिलेला चौथा

यंत्राकडून वस्तूची जुळणी करून घ्यायची असेल, तर तिचे भाग कमी हवेत आणि ते शक्यतो वरून खाली, एकाच दिशेने बसायला हवेत. तिरका गेलेला स्क्रू माणसाला बोटांनी जाणवतो. यंत्राला मात्र प्रत्येक भाग ठरलेल्या स्थितीतच मिळावा लागतो. जेफ्री बूथ्रॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी या अनुभवाला मोजमापाचे रूप दिले. विन्स्टन नाइट यांच्यासह लिहिलेले त्यांचे या विषयावरील पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले.

ही पद्धत प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारते. तो इतर भागांच्या संदर्भात हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असावा लागतो का? तो वेगळा नसेल तर इतर भाग आवश्यक तेव्हा जोडणे वा सुटे करणे अशक्य होईल का? तिन्ही उत्तरे 'नाही' असतील, तर तो भाग शेजारच्या भागात सामावून घेता येतो. उरलेल्या भागांच्या संख्येला ३ सेकंदांनी गुणून जुळणीच्या प्रत्यक्ष वेळेने भागले की कार्यक्षमतेचा निर्देशांक मिळतो.

अशा विचाराचे टोक १९८३ साली आलेल्या स्वॉच घड्याळात दिसते. नेहमीच्या क्वार्ट्‌झ घड्याळात सुमारे ९० भाग असत. यात ५१ होते. पेटीचा तळच यंत्रणेचा आधार झाला, सारे भाग वरून बसवले गेले आणि प्लॅस्टिकची काच श्राव्यातीत कंपनांनी कायमची सांधली गेली. घड्याळ स्वस्त झाले, पण दुरुस्तीसाठी उघडता येईना. बॅटरी तेवढी बदलता येते, कारण तिच्यासाठी मागे वेगळे झाकण ठेवले आहे.

निर्देशांकाची उणीव इथेच आहे. पुन्हा उघडणारा खटका आणि कधीच न उघडणारा खटका बसवायला सारखाच वेळ लागतो, म्हणून दोघांना गुणही सारखेच. दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ यात कुठेच धरलेला नाही. तिसऱ्या प्रश्नातील 'आवश्यक' या शब्दावर सारे अवलंबून आहे, आणि त्याचा अर्थ ठरवतो उत्पादक. म्हणून चौथा प्रश्न हवा : हा भाग बिघडला तर तो कोण, किती वेळात बदलू शकेल?

वर्गात एक बॉलपेन सुटे करून हे प्रश्न विचारून पाहावेत. रिफिल बदलायची असेल, तर नळीचे दोन तुकडे आणि आट्यांचा सांधा हवा. बदलायची नसेल, तर एकच नळी पुरते. भाग किती, हे आधी आपल्या उत्तरावर ठरते. यंत्राचा विचार त्यानंतर येतो.