चित्र विकत घ्यायचं की साल?

मोठ्या लिलावघरांच्या वेबसाइटवर जॉर्जो दे किरिको हे नाव शोधलं की 'पियाझ्झा द'इतालिया', म्हणजे 'इटलीतला चौक', या नावाचं एखादं तैलचित्र बऱ्याचदा विक्रीला सापडतं. चित्र साधारण असं असतं: दोन्ही बाजूंना कमानींच्या इमारती, मधे रिकामा चौक, चौकात आडव्या पडलेल्या बाईचा पुतळा, लांबच लांब सावल्या. दूरवर हात मिळवणारी दोन बारकी माणसं, त्यांच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडून धूर सोडत जाणारी आगगाडी. आकाश हिरवट.

खाली माहिती असते. कॅनव्हासचं माप, सही कुठल्या कोपऱ्यात आहे, रोममधल्या दे किरिको फाउंडेशनचं प्रमाणपत्र आणि पुष्कळदा कॅनव्हासच्या मागे नोटरीचा शिक्का. एखाद्या फ्लॅटच्या खरेदीला लागतात तशी कागदपत्रं एका चित्राला का लागावीत? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की विसाव्या शतकातल्या कलेतली एक अवघड भानगड समोर येते. माझ्या मते ती आपण, म्हणजे सगळं फोनवर बघणाऱ्यांनी, नीट समजून घ्यायला हवी.

दे किरिको १८८८ साली ग्रीसमधल्या व्होलोस गावात जन्मला. आईवडील इटालियन. वडील रेल्वेचे इंजिनियर, तिथली रेल्वेलाइन टाकणाऱ्यांपैकी एक. मुलगा सतरा वर्षांचा व्हायच्या आतच ते गेले. त्याच्या चित्रांत भिंतीपलीकडून आयुष्यभर जी गाडी जात राहते, ती कुठून आली असेल याचा अंदाज आपण करू शकतो. पुढे म्युनिकला शिक्षण, नीत्शेचं वाचन आणि १९१० मध्ये फ्लॉरेन्समध्ये एक दुपार. आजारातून उठलेला हा बावीस वर्षांचा मुलगा सांता क्रोचेच्या चौकात बाकावर बसला होता आणि ओळखीचा चौक आपण पहिल्यांदाच बघतोय असं त्याला वाटलं. त्यातून पुढच्या आठ-नऊ वर्षांची चित्रं निघाली. आधी पॅरिसमध्ये, मग महायुद्धात सैन्याच्या नोकरीमुळे फेरारा शहरात.

ती चित्रं एवढी अस्वस्थ का करतात? इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट्स काढलेल्यांना हे पटकन दिसेल. समांतर रेषा दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्या की चित्रातली जागा खरी वाटते. दे किरिकोच्या चौकात डावीकडच्या इमारतीच्या रेषा एकीकडे जातात, उजवीकडच्या दुसरीकडे. प्रत्येक इमारत वेगळी पाहिली तर बरोबर, पण एकत्र असा चौक उभाच राहू शकत नाही. सावल्या संध्याकाळच्या, घड्याळ मात्र भर दुपारचं. चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांना कळतं. पुतळा आरियाद्नेचा आहे. ग्रीक कथेत तिला झोपेत असतानाच थिसियस नाक्सोस बेटावर सोडून निघून जातो. म्हणजे चौकात ताटकळत राहिलेली बाई आणि मागून निघून जाणारी गाडी. फार कमी सामानात एवढं एकटेपण मांडणारा दुसरा चित्रकार मला माहीत नाही.

१९१९ नंतर तो बदलला. जुन्या उस्तादांचं तंत्र, रंग कसे घोटायचे, कॅनव्हास कसा तयार करायचा, याच्या मागे लागला. 'कारागिरीकडे परत चला' असं त्यानं लिहिलं. आंद्रे ब्रेतों आणि इतर सर्रिअलिस्ट त्याच्या आधीच्या चित्रांवर जीव टाकत होते. त्यांना हा विश्वासघात वाटला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तर त्यांच्या लेखी खरा दे किरिको कधीच संपला होता. चित्रकार चाळिशीचा, काम जोरात चालू, आणि त्याचे सगळ्यात मोठे चाहते म्हणतायत की तू आता उरला नाहीस.

बाजारही तेच म्हणत होता. लोकांना १९१० च्या दशकातलाच दे किरिको हवा होता. मग त्यानं तो पुरवायला सुरुवात केली. फेरारात रंगवलेलं 'ले मुझे इन्क्विएतान्ती', म्हणजे 'अस्वस्थ करणाऱ्या कलादेवता', हे त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र. फळ्यांचा रंगमंच, शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यांसारख्या दोन आकृती, मागे फेराराचा लाल किल्ला आणि कारखान्याची धुराडी. या चित्राची पहिली प्रतिकृती १९२४ मधली. कवी पॉल एल्युआर आणि त्याची बायको गाला यांच्यासाठी त्यानं ती उघडपणे, प्रतिकृती म्हणूनच केली. इथपर्यंत काहीच तक्रार नाही. पुढे १९४५ ते १९६२ या काळात त्यानं याच चित्राच्या किमान अठरा आवृत्त्या काढल्या. त्या १९८२ मध्ये एका कॅटलॉगमध्ये शेजारीशेजारी छापल्या गेल्या आणि त्यावरून अँडी वॉरहॉलनं स्वतःची मालिका केली. ज्याची लोक लाज काढत होते, त्यात वॉरहॉलला आपला पूर्वज दिसला.

भानगड या आवृत्त्यांमध्ये नाही. ती सालात आहे. अशा नंतरच्या काही चित्रांवर दे किरिकोनं जुनी सालं टाकली आणि ती जुनी म्हणून विकली गेली. वर आपलीच काही अस्सल जुनी चित्रं त्यानं बनावट म्हणून नाकारल्याचीही उदाहरणं आहेत. त्याचवेळी त्याच्या नावानं खोटी चित्रं काढणारेही होतेच. १९४६ मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात ऑस्कर दोमिंगेझनं केलेली अशी चित्रं लागली होती, आणि त्यावर दे किरिकोनं जाहीर आरडाओरडा केला होता. नोटरीचा शिक्का का लागतो, ते आता लक्षात आलं असेल.

त्याच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे. चित्र चांगलं असेल तर साल कशाला बघायचं? बाजाराकडे पाहिलं तर हा टोमणा बरोबर लागतो. १९१३ चं 'आरियाद्नेची दुपार' २०२० मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. तेच सामान असलेला पन्नाशीच्या दशकातला 'चौक' काही लाख डॉलरमध्ये मिळू शकतो. आरियाद्ने तीच, गाडी तीच, हातही त्याच माणसाचा. मधला सगळा फरक सालाचा. ज्यांनी त्याची नवी चित्रं नाकारली, त्यांना त्यानं हवं ते साल लिहून दिलं. यात सूड आहे आणि थोडा विनोदही.

तरीही मला हा मुद्दा पटत नाही. गिटमध्ये जुन्या तारखेचा कमिट टाकणं अगदी सोपं आहे. कोड बदलत नाही, तो चालतोही. पण हिस्टरी बघून काम करणाऱ्या पुढच्या प्रत्येकाला खोटी गोष्ट सांगितली जाते, आणि एक तारीख खोटी निघाली की सगळ्याच तारखांवरचा विश्वास उडतो. दे किरिकोच्या बाबतीत नेमकं हेच झालं. खोट्या सालांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं ते पंचविशीतल्या दे किरिकोचं. त्या मुलानं कुणी मागितलेलं नसताना काहीतरी शोधलं होतं. आता त्याच्या प्रत्येक चित्राला आधी स्वतःचं वय सिद्ध करावं लागतं.

आपल्याला हे जास्त लागू होतं, कारण फोनवर फरक पुसला जातो. सुरुवातीच्या चित्रांत रंगाचा थर पातळ आणि कोरडा आहे. नंतरच्या चित्रांत तो जाड, गुळगुळीत, चकचकीत होत जातो. चित्रासमोर उभं राहिलं तर पृष्ठभागच पुष्कळ काही सांगेल. सहा इंचांच्या काचेवर दोन्ही सारखेच चकाकतात. आपल्यापाशी उरतं फक्त खाली लिहिलेलं साल. म्हणून ते खरं असणं ही श्रीमंत गिऱ्हाइकांपुरती गोष्ट राहत नाही.

मग उतारवयातला दे किरिको फेकून द्यायचा का? अजिबात नाही. फक्त प्रामाणिक सालाची चित्रं बघा. १९६८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यानं 'युलिसिसचं परतणं' काढलं. एका खोलीत सतरंजीएवढा समुद्र आहे आणि त्यात युलिसिस एकटा होडी वल्हवतोय. आजूबाजूला खुर्ची, कपाट, दार. खिडकीतून ग्रीक देऊळ दिसतं. आणि भिंतीवर एक तसबीर लटकलेली आहे: कमानींचा तोच जुना इटालियन चौक.

इथे त्यानं स्वतःची नक्कल केलीच आहे, पण तिला तिच्या जागी, भिंतीवर, आठवण म्हणून टांगलंय. आयुष्यभर जिथे परत जायचा प्रयत्न केला ती जागा आता एका खोलीत मावते, आणि म्हातारा अजून वल्हवतोय. माझ्याकडे पैसे असते तर पन्नाशीतला चौक मी घेतला नसता. या काळातलं एखादं चित्र घेतलं असतं, आणि त्यावरचं साल पाहुण्यांना आवर्जून दाखवलं असतं.