‘मी’ कुठे बसतो?

‘कॅन यू पुट मी अप?’ लंडनला निघालेला माणूस तिथल्या जुन्या मित्राला फोनवर असं विचारतो, तेव्हा त्याला दोन रात्री अंग टाकायला जागा हवी असते. आता तेच शब्द थोडे हलवू आणि एक ‘विथ’ घालू. ‘कॅन यू पुट अप विथ मी?’ म्हणजे, मला सहन करशील का? पाहुणा तोच, घरही तेच. पहिल्या वाक्यात तो अजून उंबऱ्याबाहेर आहे, दुसऱ्यात त्याला घरात येऊन बरेच दिवस झालेत.

मला ही दोन वाक्यं फार आवडतात. इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. पहिल्या वाक्यात तो ‘पुट’ आणि ‘अप’ यांच्या मधोमध बसलाय. एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला ‘अप’, जणू यजमानानं दोन्ही हात पसरून त्याला आत घेतलंय. दुसऱ्यात ‘पुट अप विथ’ हे सगळं आधी उरकतं आणि ‘मी’ शेवटी, बाहेर राहतो.

मी संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. ती हमखास ‘पिक अप इट’ लिहितात. फोन असेल तर ‘पिक अप द फोन’ चालतं, ‘पिक द फोन अप’ही चालतं, पण फोनच्या जागी ‘इट’ आलं की त्याला एकच जागा, मधली. मुलं विचारतात, का? पुस्तकात नियम असतो, कारण बहुतेकदा नसतं. मी त्यांना बाकावर ताल धरायला सांगतो. ‘पिक’वर थाप, ‘इट’ला हात वरच, ‘अप’वर पुन्हा थाप. ‘इट’ म्हणजे ज्याचं नाव आधीच निघालंय ती वस्तू. तिच्यात नवं काही नाही, म्हणून तिच्यावर जोरही नाही. इंग्रजी बोलणं वाक्याचा शेवट वजनदार शब्दासाठी राखून ठेवतं. नुसतं ‘इट’ तिथं उभं केलं तर वाक्य पाय घसरल्यासारखं संपतं.

मग ‘द डॉग टर्न्ड ऑन मी’चं काय? कुत्रा माझ्यावर उलटला. इथं सर्वनाम शेवटी आहे आणि वाक्य अगदी बरोबर आहे. याउलट, रेडिओ लावला तर ‘आय टर्न्ड इट ऑन’. दोन्हीकडे ‘टर्न’ आणि ‘ऑन’ तेच. पण कुत्र्याच्या वाक्यातला ‘ऑन’ पुढच्या ‘मी’ला चिकटलाय, आपल्या ‘वर’ या शब्दयोगी अव्ययासारखा: माझ्या-वर. रेडिओच्या वाक्यातला ‘ऑन’ मागच्या क्रियापदाचा आहे, त्याचाच उरलेला अर्धा भाग. म्हणजे सर्वनाम कुठे बसलंय ते पाहिलं की ‘ऑन’ कोणाचा ते कळतं. व्याकरणाची एवढी मोठी गोष्ट सर्वांत लहान शब्दाच्या जागेवरून उलगडते, याचं मला आजही नवल वाटतं.

मराठीत आपण तो लहान शब्द बहुधा गाळतोच. ‘उचल’ म्हटलं की काय उचलायचं ते समोरच्याला कळतं. आपली छटा दुसऱ्या क्रियापदात असते. उचलून घे, उचलून ठेव, उचलून दे, उचलून टाक. प्रत्येकात बोलणाऱ्याचं मन वेगळं. ‘इट इट अप’मधला ‘अप’ वर जायला सांगत नाही, ‘खाऊन टाक’मधला ‘टाक’ही काही फेकायला सांगत नाही. दोन्ही म्हणतात, संपव.

आपल्या मागच्या पिढ्यांतही असे सुटे तुकडे होते. वेदांच्या भाषेत प्र, अव, उद् हे उपसर्ग क्रियापदापासून दूर राहू शकत आणि मध्ये दुसरे शब्द येत. पाणिनीनं ही मोकळीक वेदांपुरती नोंदवून ठेवली आहे. पुढच्या संस्कृतात उपसर्ग क्रियापदाला पुढून कायमचे चिकटले आणि आपल्याकडे अवतार, उत्थान, प्रवेश असे जोडलेलेच शब्द आले.

इंग्रजीत हे तुकडे सुटेच आहेत आणि परक्यांना ते कायम अडवत आलेत. सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत नेमकी हीच अडचण सांगितली होती आणि अशी क्रियापदं कोशात कसून गोळा केली होती.

एक वाक्य अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. बाहेर पाऊस, दारात चिखलाचे बूट घातलेलं पोर आणि आई ओरडते, ‘टेक ’एम ऑफ!’ काढ ते. तीन ठोके, मधला जवळजवळ गिळलेला. यातला ‘टेक’ मूळचा इंग्रजीचा नव्हे. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून तो आला आणि ‘निमान’ हे जुनं क्रियापद मागे पडलं. ‘देम’ही त्याच लोकांचा. पण घाईत उच्चारलेला ‘’एम’ हा ‘देम’चा तुकडा नाही! तो मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘हेम’चा वारस, त्याचा ‘ह’ झिजला आणि पाहुणा ‘देम’ येऊनही तो बोलण्यात टिकला. मधल्या जागेवर जोर पडत नाही, लक्षही जात नाही. कदाचित म्हणूनच हा जुना शब्द तिथं सुखानं राहिला असावा.

आपल्याकडे ‘पुट अप’ला निराळंच आयुष्य मिळालं. सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करतात, म्हणजे वरच्या साहेबांपुढे ठेवतात. आणि जुने लोक अजून विचारतात, ‘व्हेअर डू यू पुट अप?’ कुठे उतरलात, कुठे राहता? यात मधला ‘मी’ नाही, म्हणजे कुणी कुणाला ठेवून घेतल्याची खूणही नाही.

गेल्या महिन्यात हाच प्रश्न मी वर्गात विचारला. बीडहून आलेला एक मुलगा उठला. तो दिवसा एका दुकानात काम करतो. जरा थांबून म्हणाला, ‘माय मावशी पुट मी अप.’ बोटांनी बाकावर हलकेच ठोका धरला होता. ‘मी’वर बोट टेकलंच नाही, सगळा जोर ‘अप’वर पडला.