संभाव्यता व सांख्यिकीचे सुबोध ग्रंथ : एक चिकित्सा

दहावीपर्यंत 'बालभारती'च्या पुस्तकांतून मध्य, मध्यक, बहुलक आणि नमुना अवकाश या संकल्पना मराठीतून शिकलेला खेड्यातील विद्यार्थी पदवीसाठी छत्रपती संभाजीनगरला येतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एस. सी. गुप्ता आणि व्ही. के. कपूर यांचा गणिती सांख्यिकीवरील जाडजूड इंग्रजी ग्रंथ पडतो. भाषा बदलते, ही अडचण सर्वांना दिसते. ग्रंथाची रीतच बदलते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

या ग्रंथाची उपयुक्तता नाकारता येत नाही. सोडवलेल्या उदाहरणांची विपुलता हे त्याचे बळ आहे आणि परीक्षार्थीला त्याने आजवर तारले आहे. परंतु त्यात आकडे बव्हंशी तयार स्थितीत समोर येतात. ते कोणी, कसे व कोठून गोळा केले हा प्रश्न मागे पडतो. विद्यार्थी प्रमाण विचलन अचूक काढतो, पण ते कशासाठी काढले हे त्याला सांगता येत नाही. याउलट फ्रीडमन, पिसानी व पर्व्हज यांचा १९७८ चा ग्रंथ बीजगणित जवळजवळ बाजूला ठेवून, चिठ्ठ्यांनी भरलेल्या पेटीच्या साध्या कल्पनेवर नमुना निवडीचे संपूर्ण विवेचन उभे करतो. फेलर यांचा १९५० चा पहिला खंड अधिक कठीण खरा. तथापि अवघ्या २३ व्यक्तींच्या समूहात दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक असते, हे त्यातील विवेचन वाचणाऱ्यास विषयाची गोडी लागल्यावाचून राहत नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा ग्रंथ मात्र वेगळाच आहे. व्ही. जी. पानसे व पी. व्ही. सुखात्मे यांनी कृषिक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध नमुना पद्धतीची बैठक देण्यात या दोघांचा वाटा मोठा आहे. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी आली की गावात दुष्काळी स्थिती मानली जाते, हे येथील शेतकऱ्याच्या मुलाला पाठ असते. ती पैसेवारी शेतातील लहानशा आखलेल्या तुकड्याच्या उत्पादनावरून ठरते, हेही त्याने पाहिलेले असते. ज्ञान त्याच्या बांधावर आहे, त्याचे पुस्तक मात्र इंग्रजीत आहे.

केवळ भाषांतराने हे अंतर मिटेल असे नाही. 'यादृच्छिक' या पारिभाषिक शब्दाचेच पाहावे. 'यदृच्छा' म्हणजे मनाला येईल तसे, असा समज करून घेतलेला विद्यार्थी रस्त्यालगतचे सोयीचे शेतही यादृच्छिक नमुना मानील. वास्तविक येथे निवड करणाऱ्याच्या मर्जीला वावच नसतो. गट क्रमांक यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरतो, मग ते शेत गावापासून कितीही दूर असो. हा भेद व्याख्येने कळत नाही. त्यासाठी मराठी पाठ्यपुस्तकात फाशाच्या व पत्त्यांच्या कॅटच्या शेजारी गावाचा सातबाराही यावा लागेल.